कोकणातून परदेशी गेलेल्यांची मोजणी कधी करणार?

प्रति,
नियोजन विभाग, महाराष्ट्र शासन
आणि कोकणातले सर्व आमदार व खासदार

विषय : परदेशातून येणारा पैसा, तो पाठवणारी माणसं आणि त्यांची नसलेली नोंद

स. न. वि. वि.

रिझर्व्ह बँकेच्या मार्च २०२५ च्या बुलेटिनमध्ये एक पाहणी छापून आली. परदेशातल्या भारतीयांनी घरी पाठवलेल्या पैशांपैकी कोणत्या राज्यात किती आले, याचा तक्ता तीत आहे. २०२३-२४ या वर्षात महाराष्ट्र पहिला, वाटा २०.५ टक्के. केरळ मागोमाग, १९.७ टक्के. देशात त्या वर्षी ११८.७ अब्ज डॉलर आले होते. महाराष्ट्राच्या वाट्याचे, तेव्हाच्या दराने, ढोबळमानाने दोन लाख कोटी रुपये होतात. एवढी रक्कम कोण पाठवतं, कुठल्या तालुक्यात जाते आणि तिचं पुढे काय होतं, हे जिल्हावार सांगणारा राज्याचा एकही कागद मला आजवर पाहायला मिळालेला नाही. म्हणून हे पत्र.

मी रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागात, दापोली-खेड-मंडणगड पट्ट्यात, बँकेत नोकरी करून निवृत्त झालो. अर्थशास्त्रज्ञ नाही. पण या भागातल्या किती घरांच्या चुली कतार, कुवेत, सौदी आणि दुबईच्या पगारावर पेटतात, ते काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिलं आहे.

वरच्या तक्त्याकडे पुन्हा एकदा बघा. त्याच पाहणीच्या आधीच्या फेऱ्यांत महाराष्ट्राचा वाटा २०१६-१७ मध्ये १६.७ टक्के होता. २०२०-२१ मध्ये तो एकदम ३५.२ झाला आणि तीनच वर्षांत २०.५ वर आला. केरळचं बरोबर उलट: १९, मग १०.२, मग पुन्हा १९.७. एखाद्या तालुक्याच्या पावसाचे आकडे असे उड्या मारायला लागले, तर तहसीलदार आधी पर्जन्यमापक तपासायला माणूस पाठवतो. इथे मात्र आपण वर गेलो तेव्हा कोणी विचारलं नाही आणि खाली आलो तेव्हाही नाही.

ही पाहणी बँकांना विचारून केलेली असते. बँकेचा आकडा पैसा कुठल्या खात्यात उतरला ते सांगतो. तो कुठल्या घरात खर्च झाला, ते त्याला ठाऊक नसतं. मंडणगडच्या माणसाचं खातं मुंब्र्याच्या किंवा मीरा रोडच्या शाखेत असतं, कारण पहिल्यांदा विमानात बसण्याआधी तो तिथे भावाकडे राहिलेला असतो. पुण्याच्या संगणक अभियंत्याने अमेरिकेतून आईवडिलांना पाठवलेले डॉलर आणि श्रीवर्धनच्या सुताराने रियाधहून पाठवलेले रियाल त्या तक्त्यात एकाच रकान्यात पडतात. त्यातले अभियंत्याचे किती आणि सुताराचे किती, हे त्या तक्त्यावरून कोणालाही सांगता येणार नाही. आपण मात्र पहिल्या नंबरावर समाधानी.

केरळला बँकेच्या तक्त्यावर अवलंबून राहावं लागत नाही. तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संस्थेने १९९८ मध्ये पहिली केरळ स्थलांतर पाहणी केली. के. सी. झकारिया आणि एस. इरुदय राजन ही त्यामागची मुख्य नावं. घरोघर जाऊन विचारायचं: कोण गेलं, कुठे, काय काम करतं, किती पाठवतं, परत कोण आलं आणि आता काय करतं. तेव्हापासून ही पाहणी ठरावीक वर्षांनी होत आली आहे. २०२३ च्या फेरीत सुमारे २२ लाख मल्याळी परदेशात असल्याचं दिसलं. परदेशी गेलेल्यांत विद्यार्थ्यांचं प्रमाण वाढतं आहे, बायकांचं वाढतं आहे, कुठला जिल्हा पुढे आणि कुठला मागे, हे सगळं त्यांना कळतं, आणि कळतं म्हणून त्यावर भांडता येतं. डिसेंबर १९९६ पासून तिथे अनिवासी केरळीयांसाठी स्वतंत्र सरकारी खातं आहे, नोर्का. परत आलेल्याला धंदा काढायचा असेल तर ३० लाखांपर्यंतच्या प्रकल्पावर १५ टक्के भांडवली अनुदान देणारी योजना आहे. स्वतः वर्गणी भरायची अशी पेन्शन आहे. केरळात सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. बंद बंगले तिथेही आहेत आणि शिकलेली बेकारीही. पण त्यांना आपलं दुखणं कुठे आहे ते तरी माहीत आहे.

आता कोकणाबद्दल. बाहेर जाऊन घरी पैसे पाठवणं इथे आखातापासून सुरू झालं नाही. रत्नागिरी आणि जंजिऱ्याकडचे खलाशी इंग्रजांच्या आगबोटींवर पिढ्यान्‌पिढ्या होते. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कोकणी मुसलमानांची वस्ती आहे, ती इथल्याच खाडीकाठच्या गावांतून गेलेली. मुंबईच्या गिरण्यांनी तर वाड्याच्या वाड्या नेल्या. त्या काळी कोकणाला मनीऑर्डरवर जगणारा मुलूख म्हणत आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती. पोस्टमन आला की वाडीत उधारी फिटायची. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि त्या मनीऑर्डरी आटल्या. त्याच्या आगेमागे, १९७३ नंतर तेलाचे भाव चढल्यापासून, खाडीकाठच्या मोहल्ल्यांतून आणि पुढे वाड्यांतूनही पोरं आखातात जायला लागली होती. म्हणजे एक नळ बंद होत होता तेव्हा दुसरा सुरू झाला. सरकारच्या दृष्टीने गावात पैसा येतच राहिला. तो कुठून येतो, याची चौकशी करण्याची गरज कोणाला वाटली नसावी.

सुरुवातीला रजिस्टर पाकिटातून ड्राफ्ट यायचा. तो मुंबईवर काढलेला असायचा, क्लिअरिंगला जायचा, आणि घरची बाई आठवडाभर रोज येऊन विचारायची, "साहेब, ड्राफ्ट वटला का?" ज्यांना तेवढा दम नव्हता त्यांच्यासाठी हुंडीवाला होता. रात्री दार वाजवून रोख द्यायचा, वर भावही बँकेपेक्षा चांगला. मग मनी ट्रान्सफरची दुकानं आली, आता मोबाइलवर पाच मिनिटांत जमा. पाठवण्याचा खर्च जगभर अजून सरासरी सहा टक्क्यांच्या वर आहे. २०३० पर्यंत तो तीनच्या खाली आणायचं संयुक्त राष्ट्रांचं उद्दिष्ट आहे. आखात ते भारत हा रस्ता त्या मानाने स्वस्त झाला आहे. या बाबतीत मला फारशी तक्रार नाही.

तक्रार आहे ती "हा पैसा काय, खाण्यापिण्यात आणि घरं बांधण्यात जातो" या शेऱ्याबद्दल. बँकेच्या बैठकांत आणि सरकारी कार्यशाळांत मी तो इतक्यांदा ऐकला आहे की ऐकवत नाही. रिझर्व्ह बँकेच्याच २०१६-१७ च्या पाहणीत ५९.२ टक्के पैसा कुटुंबाच्या चरितार्थावर, २० टक्के बँकेतल्या ठेवींत आणि ८.३ टक्के जमीनजुमला, शेअर वगैरेंत जातो असं दिसलं होतं. चरितार्थ म्हणजे काय? मुलीची बारावीनंतरची फी. बापाची बायपास, मुंबईला नेऊन केलेली, कारण इथे होत नाही. कुडाच्या भिंती पाडून उभं केलेलं जांभ्या चिऱ्याचं घर. पहिल्या वर्षीची एजंटची परतफेड. हे सगळं विकासात धरायचं नसेल, तर सरकार आरोग्य, शिक्षण आणि घरकुलावर जे खर्च करतं ते कशात धरायचं?

आणि एक बदल कुठल्याच तक्त्यात येत नाही. परदेशातल्या माणसाच्या खात्यावर इथे व्यवहार करायला कोणाला तरी अधिकारपत्र द्यावं लागतं. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला ते बापाच्या किंवा थोरल्या भावाच्या नावाचं असायचं. सून पैसे काढायला सासऱ्याबरोबर यायची आणि बाकावर बसून राहायची. शेवटच्या वर्षांत बहुतेक कागदांवर बायकोचं नाव. ती एकटी यायची, ठेवीचा दर विचारायची, गवंड्याचा हिशोब पर्समध्ये असायचा. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. राज्याचा आकडा ९२९. या १,१२२ चा अर्थ आम्ही काउंटरवर रोज पाहत होतो. ग्रामसभेत, शाळा समितीत, तलाठ्याकडे, सगळीकडे जाणारी तीच. तिच्या डोक्यावर काय भार असतो, तेही पाहिलं. नवरा दोन वर्षांनी दीड महिन्याच्या सुट्टीवर येतो आणि धाकटं पोर त्याला ओळखायला आठवडा घेतं.

पण घर सावरलं म्हणजे गाव सावरलं असं होत नाही. इथे तुमचा संबंध येतो.

आमच्या शाखेत ठेवी भरपूर असायच्या आणि कर्जं थोडी. अनिवासींच्या एनआरई ठेवींवरच्या व्याजाला इथे कर नाही, त्यामुळे बचत तिकडे. बँकेचा मॅनेजर खूश, वरून शाबासकी. त्या ठेवी पडून राहत नाहीत. त्या बँकेच्या एका मोठ्या हौदात जातात आणि कर्ज म्हणून बाहेर पडतात, तेव्हा मुंबईत, पुण्यात, कुठल्या तरी कारखान्यासाठी नाहीतर टॉवरसाठी. मे महिन्याच्या उन्हात दोह्यात परांच्या बांधणाऱ्या माणसाची बचत मुंबईतल्या बिल्डरला भांडवल पुरवते आणि त्याच्या स्वतःच्या तालुक्यात काजू प्रक्रियेचं युनिट काढायला निघालेला पोरगा तारणासाठी वणवण फिरतो. मी स्वतः अशा फायली परत पाठवलेल्या आहेत. नियमाप्रमाणे पाठवल्या. सातबाऱ्यावर वीस नावं, त्यातली सहा परदेशात, सही कोणाची घेणार?

ग्रामीण आणि निमशहरी शाखांनी जमा ठेवींच्या ६० टक्क्यांइतकं कर्जवाटप करावं असा रिझर्व्ह बँकेचा जुना दंडक आहे. त्याला पत-ठेव प्रमाण म्हणतात. त्याचा आढावा जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीत होतो आणि जिल्हास्तरीय आढावा समितीच्या बैठकीला आमदार-खासदारांना बोलावणं असतं. तुमच्यापैकी किती जण त्या बैठकीला शेवटपर्यंत बसलेत, हे मी विचारत नाही. बसल्यावर कोणी असं विचारलं का, की बाबांनो, या जिल्ह्यातल्या ठेवींपैकी परदेशातून आलेल्या किती आणि त्यातल्या किती या जिल्ह्यात कर्ज म्हणून फिरल्या? माझ्या कारकिर्दीत तरी असा प्रश्न खाली शाखेपर्यंत कधी आला नाही.

आता नोंदीचं बघू. लोकांना वाटतं की परदेशी कामाला जाणाऱ्याची सरकारदरबारी नोंद होतच असणार. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली ती होते, पण सगळ्यांची नाही. ज्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' (उत्प्रवास तपासणी आवश्यक) असा शिक्का आहे त्यालाच आखातासह ठरावीक देशांत कामाला जाण्याआधी परवानगी काढावी लागते. आणि तो शिक्का मुख्यतः दहावी पास नसलेल्यांना लागतो. कोकणातली पोरं दहावी होतात. एवढी एक गोष्ट आपल्या शाळांनी नीट केली आहे. त्यामुळे ती त्या यादीतच येत नाहीत. गवंडीकामाला, वेल्डिंगला, ड्रायव्हर म्हणून, हॉटेलात, कुठेही गेला तरी दहावीची मार्कशीट आहे म्हणजे तो सरकारच्या हिशोबी आपला आपण जायला मोकळा. परवानगी लागणाऱ्यांना प्रवासी भारतीय बीमा योजनेचा दहा लाखांचा अपघाती विमा सक्तीचा आहे, हप्ता दोन वर्षांसाठी अवघा २७५ रुपये. या मोकळ्यांना ती सक्ती नाही, आणि सक्ती नाही म्हणून कोणी सांगतही नाही. परवानगीच्या आकड्यांत उत्तर प्रदेश आणि बिहार वर दिसतात, त्यावरून मंत्रालयात कोणी महाराष्ट्रातून कामगार आता फारसे आखातात जात नाहीत असा निष्कर्ष काढला असेल, तर तो मुळापासून तपासून घ्या.

जनगणनेतूनही हे कळणार नाही. ती इथे राहणाऱ्यांची मोजणी. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ झाली, सिंधुदुर्गाचीही घटली. राज्याची त्याच काळात सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. मुंबईला किती गेले, पुण्याला किती आणि दम्मामला किती, हे वजाबाकीतून निघत नाही. फेब्रुवारी २०२७ मध्ये पुन्हा शिरगणती आहे. आकडा आणखी घटला तर निधीच्या वाटपात लोकसंख्येच्या निकषावर आम्ही आणखी मागे. म्हणजे माणसं बाहेर राबून राज्याच्या परकीय चलनाचा आकडा फुगवतात आणि गैरहजर म्हणून गावाचा हिस्सा कमी होतो.

एजंटांबद्दल फार लिहीत नाही. नोंदणीकृत भरती एजंटाने कामगाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त घ्यायचं नाही असा नियम आहे. प्रत्यक्षात काय घेतात ते खेडच्या एसटी स्टँडवर कोणालाही विचारा. 'आझाद व्हिसा' म्हणून जो विकला जातो, म्हणजे कागदावर एक कफील (व्हिसा देणारा तिथला मालक) आणि काम दुसऱ्याकडे, त्यात सापडलेला माणूस तिथल्या कायद्याने गुन्हेगार ठरतो. हे त्याला विमानतळावर नव्हे, गावात कळायला हवं, आणि गावात सांगायला कोणी नाही.

ही माणसं गेल्यावर इथलं काम कोण करतं, हे तुम्ही दौऱ्यावर येता तेव्हा जरूर बघा. हापूसच्या बागेत राखणीला नेपाळी. कुटुंबासकट येतो, दिवाळीच्या आसपास, आंबा संपून पाऊस लागेपर्यंत बागेतल्या खोपटात राहतो. रत्नागिरी, हर्णै बंदरातल्या बोटींवर खलाशी नेपाळी. १ ऑगस्टला मासेमारी उघडायच्या आधी बोटमालक त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसतात, आगाऊ रक्कम आधीच पोचती केलेली असते. चिऱ्याच्या खाणीत आणि बांधकामावर कर्नाटकचे मजूर. १९५० च्या करारामुळे नेपाळच्या माणसाला इथे यायला व्हिसा लागत नाही, त्यामुळे त्याचीही मोजणी धड नाही. हा बागेतला बहादूर (सगळ्यांना आपण सरसकट बहादूर म्हणतो, नाव विचारण्याची तसदी घेत नाही) महिन्याला पैसे पाठवतो ते पश्चिम नेपाळातल्या डोंगरावरच्या घरी. नेपाळच्या एकूण राष्ट्रीय उत्पन्नाच्या साधारण पाव हिश्शाइतका पैसा असा बाहेरून येतो. त्यातले काही रुपये आमच्या आंब्याच्या कलमांखालून गेलेले आहेत.

म्हणजे दाभोळ खाडीवरचा एक मुलगा दोह्यात दुसऱ्याच्या इमारती बांधतो, त्याची बाग नेपाळचा माणूस राखतो, आणि नेपाळात त्या माणसाची शेती त्याची बायको करते. या साखळीत प्रत्येक जण आपल्या घराला एक पायरी वर नेतो आहे, यात शंका नाही. नेपाळात घरी येणाऱ्या या पैशाने गरिबी हटवायला मोठी मदत केली आहे. पण साखळीतल्या प्रत्येक गावात कामाला माणूस नाही, हेही तितकंच खरं. आणि आपण मालक म्हणून त्या नेपाळ्याला जसं वागवतो, त्यापेक्षा आखातातल्या कफीलने आपल्या पोराला चांगलं वागवावं अशी अपेक्षा धरतो. त्या बागेतल्या खोपटात संडास आहे का, त्याच्या मुलांना हंगामापुरतं अंगणवाडीत घेतात का, अपघात झाला तर नुकसानभरपाई कोण देतं? स्थलांतरितांच्या हक्काविषयी बोलायचं असेल, तर ही सुरुवात मंत्रालयाच्या अखत्यारीतलीच आहे. त्यासाठी कुठल्या वकिलातीला पत्र लिहावं लागत नाही.

हा पैसा किती भरवशाचा, हे २०२० मध्ये दिसलं. त्या एप्रिलमध्ये जागतिक बँकेने अंदाज वर्तवला होता की भारतात येणारी रक्कम २३ टक्क्यांनी घटून ६४ अब्ज डॉलरवर येईल. प्रत्यक्षात ८३ अब्ज आले, घट नावापुरती. आपल्याकडे ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आदळलं. दापोली-मंडणगडात छपरं उडाली, माडपोफळीच्या बागा आडव्या झाल्या. त्या वेळी आखातात अर्धे लोक पगाराविना खोल्यांत अडकलेले होते. तरी पत्र्यांना पैसे आले. उसने घेऊन पाठवले कोणी कोणी. पुढच्या वर्षी २२ जुलैला चिपळूण बुडालं तेव्हाही सरकारी पंचनामे व्हायच्या आत मोहल्ल्यांच्या जमातींच्या आणि ग्रामस्थ मंडळांच्या व्हॉट्सॅप गटांवर वर्गण्या सुरू झाल्या होत्या. संकटात हा पैसा कमी होत नाही, वाढतो, कारण तो नफ्यासाठी आलेला नसतो.

मात्र याच गुणामुळे सरकारला एक वाईट सवय लागली. गावात पैसा आहे ना, मग दवाखान्यात डॉक्टर नसला तरी ओरड होत नाही, लोक मुंबई गाठतात. शाळेचं छप्पर जमात घालते, वाडीची विहीर मुंबई मंडळ बांधतं. बारा-चौदा तासांची ड्यूटी करून दोन वर्षांनी आलेला माणूस मुंबईच्या विमानतळावर उतरतो आणि दशकाहून जास्त काळ रखडलेल्या मुंबई-गोवा महामार्गाचे खड्डे मोजत घरी पोचतो. त्याने परकीय चलन आणलं, त्याला निदान रस्ता तरी.

लोकांच्या वर्गणीला सरकारने जोड द्यायची, हे जगात करून पाहिलेलं आहे. मेक्सिकोतल्या झाकातेकास प्रांतातून अमेरिकेत गेलेल्यांनी तिथे गावोगावची मंडळं काढली, अगदी आपल्या मुंबईच्या ग्रामस्थ मंडळांसारखी. मंडळाने गावच्या कामासाठी एक डॉलर दिला की केंद्र, प्रांत आणि नगरपालिका प्रत्येकी एक घालणार, अशी योजना तिथे उभी राहिली आणि २००२ मध्ये ती देशभर लागू झाली. रस्ते, पाणी, शाळाखोल्या झाल्या. दोषही दिसले: ज्या गावात परदेशी गेलेले जास्त, तिथेच सरकारी पैसा जास्त गेला, खरी गरीब गावं बाजूला राहिली. पुढे सरकार बदललं आणि योजना गुंडाळली गेली. आपल्याला तिचा कित्ता गिरवायला नको. पण जिल्हा नियोजन समितीच्या वार्षिक आराखड्यात एक लेखाशीर्ष असं ठेवता येईल, की गावमंडळ किंवा जमातीने सार्वजनिक कामासाठी जमवलेल्या रकमेला सरकार जोड देईल, काम सर्वांसाठी खुलं असेल, आणि ज्या वाडीतून कोणी बाहेर गेलेलं नाही तिला वर्गणीची अट असणार नाही. केरळात कोचीचा विमानतळ १९९९ मध्ये सुरू झाला तो हजारो परदेशस्थ मल्याळींनी त्याचे शेअर घेतले म्हणून. इथला माणूस तेवढ्याच विश्वासाने पैसे घालेल, फक्त हिशोब त्याला दिसला पाहिजे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्गबरोबर दहा हजार कुशल तरुण पाठवण्याचा करार केला. चांगली गोष्ट आहे. भाषा शिकवून, कागद तपासून माणूस पाठवायचा, हा विचार तरी सुचला. पण तो विचार फक्त युरोपला जाणाऱ्यांपुरताच का? आखातात जाणाऱ्या वेल्डरला अरबी आणि इंग्रजीतली चार वाक्यं, त्याच्या कराराची मराठीतली प्रत, आणि अडचणीत फोन करायला जिल्ह्यात एक खिडकी, एवढ्याला जर्मनीइतका खर्च येत नाही.

या सगळ्याच्या आधी मोजणी. अर्थ व सांख्यिकी संचालनालय नियोजन विभागाच्याच हाताखाली आहे, दरवर्षीची आर्थिक पाहणी तेच काढतं. रत्नागिरी, रायगड आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांपासून त्यांनी घरोघरची स्थलांतर पाहणी सुरू करावी, केरळच्या लोकांना बोलवावं, प्रश्नावली मराठीत करावी. परत आलेल्यांसाठी वेगळं पान ठेवावं. पन्नाशीत परतलेला, वीस वर्षं क्रेन चालवलेला माणूस आज गावच्या नाक्यावर बसून दिवस ढकलतो. त्याच्या हातातलं कौशल्य आयटीआयच्या उपयोगी पडेल का, हे विचारायलाही तो कुठे आहे ते माहीत हवं. ही पाहणी एकदा करून थांबू नका, दर पाच वर्षांनी करा. एका वेळचा आकडा भाषणाच्या कामाचा असतो, लागोपाठचे आकडे नियोजनाच्या.

आमदार-खासदारांना तोवर थांबायची गरज नाही. जिल्हास्तरीय आढावा समितीची पुढची बैठक लागेल तेव्हा अग्रणी बँकेकडे (जिल्ह्यातल्या बँकांचा मेळ घालणाऱ्या बँकेकडे) तालुकावार दोन आकडे लेखी मागा: अनिवासींच्या ठेवी किती, आणि त्याच शाखांनी त्याच तालुक्यात शेती व छोट्या उद्योगांना दिलेलं कर्ज किती. माहिती अधिकाराचा अर्ज मीही करतो आहे. पण तोच आकडा आमदाराने मागितला की बँका जरा लवकर शोधतात, एवढा अनुभव गाठीशी आहे.

आपला,
दापोली तालुक्यातला एक निवृत्त बँक कर्मचारी